मी थॉर्नबरीचा खड्डा नव्हे

मी एक जुना खड्डा आहे. मित्रांनो, खड्डा म्हणताच नाक मुरडू नका. रस्त्यातले खड्डे वेगळे, ते बुजवावेत म्हणून लोक अर्ज करतात. मी बालकार्डीच्या गोल्फच्या मैदानावर सतराव्या होलच्या, म्हणजे चेंडू घालायच्या सतराव्या भोकाच्या, हिरवळीला खेटून बसलेला वाळूचा खड्डा आहे. माझ्या एका अंगाला समुद्र आहे, दुसऱ्या अंगाला गाव. मी माणसाच्या डोक्याहून खोल आहे, आणि एकदा मनात धरलेली गोष्ट मी सहसा सोडत नाही. तीस वर्षे मी एका माणसाची वाट पाहिली. शेवटी तो आला. त्याचीच ही हकिकत आहे.

मला कोणी खणले नाही. मला मेंढरांनी घडवले. स्कॉटलंडच्या या किनाऱ्यावर वारा असा सुटतो की मेंढरांनाही लपायला जागा लागते. पिढ्यान्‌पिढ्या ती माझ्या कुशीत अंग चोरून बसली, त्यांच्या खुरांनी गवत गेले, सशांनी खाली उकरले आणि वाळू वर आली. पुढे काठ्या आणि चेंडू घेऊन माणसे आली. त्यांनी मेंढरांना हाकलले, पण मला ठेवले. मुळांसकट कापलेल्या गवताच्या जाड लाद्या एकीवर एक रचून त्यांनी मला उभी भिंत बांधून दिली. तेव्हापासून माझे काम एकच, आलेला चेंडू अडवणे.

माझ्यात उतरणाऱ्यासाठी दोन गोष्टी ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे चेंडू जसा पडला असेल तसाच मारायचा. फटक्याआधी काठी वाळूला लावायची नाही, चेंडूमागची वाळू सरकवायची तर नाहीच. चुकून लागलीच तर खेळाडूने स्वतः पंचाला सांगायचे आणि दोन फटक्यांचा दंड घ्यायचा. या खेळात कमी फटके मारणारा जिंकतो, म्हणून हा दंड जड असतो. कोणी पाहिले की नाही, हा प्रश्नच तिथे येत नाही. दुसरी गोष्ट अशी की वर येताना आपल्या पावलांच्या खुणा दाताळ्याने पुसून यायचे, म्हणजे मागून येणाऱ्याला सपाट वाळू मिळते. खेळाडू मोठा असला की हे दाताळे त्याचा कॅडी फिरवतो. कॅडी म्हणजे काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन बरोबर चालणारा माणूस.

आमच्या गावात डुगल गिलिससारखे दाताळे कोणालाच फिरवता येत नव्हते. तो मागे मागे सरकत वाळू ओढायचा, म्हणजे त्याचे स्वतःचे पाऊलही मागे उरत नसे. वर आला की एकदा खाली बघायचा आणि नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत निघून जायचा. दुसऱ्या कोणाच्या खुणा दिसल्या तरी त्याला राहवत नसे. पिशवी वाटेत ठेवून तो खाली उतरायचा. मला तो फार आवडत असे, हे मी आधीच सांगून टाकतो.

मग ती मोठी अजिंक्यपद स्पर्धा आमच्या मैदानावर आली. गावभर तंबू उभे राहिले. दक्षिणेकडून लायनल थॉर्नबरी नावाचा एक तरुण खेळाडू आला होता. पांढरेशुभ्र बूट, दात दाखवून हसणे. आमचा वारा गावच्या माणसालाच कळतो म्हणून त्याने डुगलला कॅडी घेतले. डुगल त्या दिवसांत जमिनीवरून चालत नव्हताच. शेवटच्या दिवशी सतराव्या होलवर थॉर्नबरी दुसऱ्या एकाबरोबर बरोबरीत होता. त्याने मारलेला चेंडू वाऱ्याने ढकलला आणि थेट माझ्या भिंतीच्या पायथ्याशी आणून टाकला. चेंडू वाळूत अर्धा रुतला होता. मी मनाशी म्हटले, आता काढ बघू.

थॉर्नबरी खाली उतरला. माझ्या भिंतीपलीकडचे लोक त्याला दिसत नव्हते, लोकांनाही तो दिसत नव्हता. काठावर फक्त डुगल उभा होता, दाताळे हातात घेऊन. थॉर्नबरीने काठी चेंडूमागे टेकवली आणि सावकाश मागे ओढली. दोन बोटे वाळू त्याने अलगद बाजूला काढली. चेंडू मोकळा झाला. मग त्याने असा फटका मारला की चेंडू उडाला आणि भोकात रोवलेल्या निशाणाच्या काठीशी जाऊन थांबला. लोकांनी टोप्या हवेत उडवल्या.

"साहेब," डुगल हळूच म्हणाला, "वाळू हलली. पंचांना सांगा."

"दाताळं फिरव," थॉर्नबरी म्हणाला.

"साहेब, मी पाहिलंय."

"फिरव म्हणतो ना! लोक थांबलेत."

आणि मित्रांनो, डुगलने दाताळे फिरवले! वाळूत खूण दिसली की त्याचे हात थांबत नसत. डोक्यात एक चालले होते आणि हात दुसरेच करत होते. तो वर आला तेव्हा माझ्यात काहीही उरले नव्हते. मी ओरडलो असतो, पण खड्ड्याला तोंड असूनही त्याचा काही उपयोग नसतो.

पुढचे मला डुगलची मुलगी इशबेल हिच्याकडून कळले. ती त्या वेळी शाळेत जात होती. डुगल तंबूत जाऊन पंचांना म्हणाला, "त्यानं वाळू सरकवली." पंच म्हणाले, "खूण दाखव." खूण कुठली दाखवणार? ती त्याच्याच हाताने पुसली होती. थॉर्नबरी तेच दात दाखवत हसला आणि म्हणाला, "सकाळपासून ढोसतोय बिचारा. मनावर घेऊ नका." डुगल चहापलीकडे काही पीत नव्हता, तरी गावाने चषक जिंकणाऱ्यावर विश्वास ठेवला. आपल्या माणसाची चुगली करणाऱ्या कॅडीला नंतर कोणी पिशवी दिली नाही. तो धुरीच्या भट्टीवर कामाला लागला. हॅडॉक मासे जोडीजोडीने शेपट्या बांधून टांगायचे आणि ओक लाकडाच्या धुरात भाजायचे. भट्टीवर जायची सरळ वाट माझ्या काठावरून होती. डुगल समुद्राकडून वळसा घेऊन जायचा.

आणि माझे काय झाले म्हणता? माझा गौरव झाला! काठावर लाकडी खांबाला पितळी पाटी लागली, 'थॉर्नबरीचा खड्डा. येथून त्यांनी तो अमर फटका मारला.' लांबून लोक यायचे, पाटीशेजारी उभे राहून फोटो काढायचे, माझी वाहवा करायचे. ज्याने मला फसवले त्याचेच नाव कपाळावर घेऊन मी बसलो होतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने पाटी काळी पडायची आणि मला बरे वाटायचे. मग क्लबचा माणूस येऊन ती पुन्हा घासून लखलखीत करायचा. मी त्या माणसालाही माफ केलेले नाही.

वर्षे गेली. ऊन-वाऱ्याने गवताच्या लाद्या सुकतात, ढासळतात, म्हणून माझी भिंत अधूनमधून नवी बांधावी लागते. ते काम पुढे इशबेलच्या हातात आले. मैदान राखणाऱ्यांत ती पहिलीच बाई. लाद्या रचताना तिला बोलायची सवय होती, आणि ऐकायला माझ्याशिवाय कोणी नसे.

"आर्चीच्या दुकानात गेले की अजून तेच," ती एकदा लादी दाणकन आदळत म्हणाली. आर्ची म्हणजे गावातला मासे तळून विकणारा. "'काय गं, बापाला सांग, माझ्या बशीतला मासा आत्ता हलला. बोलवा म्हणावं पंचाला!' आणि सगळे फिदीफिदी हसतात. वर्षानुवर्षं एकच विनोद. यांना दुसरा सुचतही नाही."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी एकदाच विचारलं होतं बाबांना. म्हटलं, खरंच पाहिलंत का हो? ते ताटावरून उठून बाहेर गेले. परत नाही विचारलं मी. विचारायलाच नको होतं." मग तिने मला बुटाची एक सणसणीत लाथ घातली. "आणि तू! तू होतास ना तिथं? बसलायस मजेत त्याचं नाव मिरवत!"

ती लाथ मला लागली. त्या दिवसापासून माझ्या मनात सुडाशिवाय दुसरे काही आले नाही. मी हलू शकत नाही, कोणाच्या मागे जाऊ शकत नाही. मी फक्त वाऱ्याने आणलेली वाळू भिंतीच्या पायथ्याशी साठवत गेलो, मऊ, भुसभुशीत, चेंडू गिळणारी. ये म्हटले, एकदा ये.

आणि ती स्पर्धा पुन्हा बालकार्डीला आली. जुन्या विजेत्यांना म्हातारपणापर्यंत खेळता येते, तसा थॉर्नबरीही आला. केस पिकले होते, दात तेच होते. वर्तमानपत्रांनी लिहिले, त्याची ही शेवटची स्पर्धा, तो आपल्या खड्ड्याला भेटायला येतोय. आपल्या खड्ड्याला! ते वाचून दाखवणाऱ्याच्या अंगावर मला ढासळावेसे वाटले.

स्पर्धेआधी दूरचित्रवाणीची माणसे आली. काही खड्ड्यांच्या भिंतीत ते बोटाएवढा कॅमेरा बसवतात. भिंती इशबेलच्या, म्हणून त्यांनी तिलाच विचारले.

"बाकीचे कुठं लावायचे ते लावा," इशबेल म्हणाली. "एक इथं."

"इथं? अहो, हल्ली या खड्ड्यात फारसं कोणी पडत नाही."

"पडेल. भुकेला आहे तो."

तिने आपल्याच नव्या भिंतीला सुरीने भोक पाडून दिले. खेळाडूंना त्या कॅमेऱ्यांची सूचना छापून दिली होती. थॉर्नबरीने ती वाचली नसणार. अशा सूचना दुसऱ्यांसाठी असतात असे तो समजे. या मोठ्या स्पर्धेत हल्ली खेळाडूंबरोबर दाताळे घेऊन मैदान राखणारी माणसे चालतात. थॉर्नबरीबरोबर कोण जाणार असे विचारल्यावर इशबेलचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी, ज्यांचे फटके जास्त झाले अशा निम्म्या खेळाडूंना घरी पाठवतात. थॉर्नबरी सतराव्या होलला आला तेव्हा त्याला एकही फटका जास्त परवडणार नव्हता. शेवटच्या स्पर्धेत अर्ध्यावरून घरी जायचे म्हणजे नाचक्की. त्याने मारले. चेंडू हिरवळीवर पडला, एक उडी घेतली, उताराला लागला. मी श्वास रोखून धरला. चेंडू काठावर आला, रेंगाळला आणि खाली आला. भिंतीच्या पायथ्याशी, मी साठवलेल्या वाळूत, अर्धा रुतून बसला.

थॉर्नबरी खाली उतरला. या खेपेला तो शहाणा झाला होता. कॅडीला म्हणाला, "तू पुढं जा, वारा बघ." इशबेल रीतीप्रमाणे लांब उभी होती, तिला खालचे काही दिसत नव्हते. त्याने वर पाहिले, डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. समोर माझी भिंत होती, तिच्याकडे मात्र नीट पाहिले नाही. मग काठी चेंडूमागे टेकली आणि सावकाश मागे गेली. तीच दोन बोटे वाळू, तोच अलगद हात. सवय म्हातारी होत नाही, मित्रांनो! आणि फटका असा बसला की चेंडू निशाणाशी जाऊन थांबला. माझी सगळी भुसभुशीत वाळू फुकट गेली. लोक नाचू लागले. कोणी ओरडले, "अमर फटका, पुन्हा!" मला तेव्हा स्वतःची शिसारी आली. वाटले, मेंढरांसाठी होतो तेच बरे होते.

थॉर्नबरी हात उंचावत वर आला. इशबेलजवळून जाताना म्हणाला, "दाताळं फिरव."

इशबेल जागची हलली नाही.

"ऐकू नाही आलं? मागचे लोक खोळंबलेत. फिरव."

"नाही फिरवणार."

"काय म्हणालीस?"

"मागच्या वेळी तुम्ही असंच म्हणालात आणि त्या माणसानं फिरवलं. तो माझा बाप." तिने दाताळे छातीशी घट्ट धरले. "मी काही पाहिलेलं नाही साहेब. पण आज या वाळूला कोणी हात लावणार नाही. पंच येऊन बघेपर्यंत तर नाहीच."

तिने पाहिले नव्हते, हे लक्षात घ्या. वाळू सपाट निघाली असती तर तिची नोकरी गेली असती, आणि बापाबरोबर तीही गावाच्या विनोदात जमा झाली असती. तिने एवढेच ठरवले होते की आपला बाप खोटे बोलत नाही. थॉर्नबरीचा चेहरा लाल झाला. तो पंचांना हाक मारून म्हणाला, "या बाईला आवरा. घराणंच विचित्र दिसतंय."

पंच म्हणजे मिसेस ड्रायस्डेल नावाच्या पिकल्या केसांच्या बाई. त्या माझ्याकडे यायला निघाल्या आणि तेवढ्यात हिरवळीमागच्या भल्यामोठ्या पडद्यावर तो फटका पुन्हा दाखवायला सुरुवात झाली. दूरचित्रवाणीवाल्यांना थॉर्नबरीचे कौतुक करायचे होते. त्यासाठी त्यांनी भिंतीतल्या कॅमेऱ्याचे चित्र निवडले, अगदी जवळून, अगदी सावकाश. मला पडदा दिसत नव्हता. मला काठावरच्या लोकांचे चेहरे दिसत होते. आधी ते हसत होते. मग हसू तसेच राहिले आणि डोळे बदलले. टाळ्या एकेक करून थांबल्या. एवढ्या माणसांत फक्त वारा ऐकू येऊ लागला.

"अरे देवा," कोणीतरी म्हणाले. आर्ची होता तो. "डुग खरं बोलत होता."

मिसेस ड्रायस्डेल काठावर आल्या आणि वाकून खाली बघू लागल्या. चेंडू जिथे होता त्याच्यामागे काठीने ओढलेला चर तसाच होता. मी त्याचा एक कणही ढळू दिला नव्हता. समुद्रावरून वारा येत होता, तरीही नाही. थॉर्नबरी काहीतरी सांगू लागला, सवय, चुकून, वय. बाईंनी त्याचे बोलणे पुरते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "दोन फटक्यांचा दंड स्वतः सांगणाऱ्याला असतो. तुम्ही स्पर्धेतून बाद आहात, मिस्टर थॉर्नबरी." इशबेल गवतावर बसली आणि दाताळे मांडीवर घेऊन रडू लागली.

संध्याकाळी डुगल आला. तोवर मिसेस ड्रायस्डेल यांनी माझ्याभोवती दोरी लावून वाळू तशीच ठेवली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात उजेड लवकर जात नाही. तो या वेळी सरळ वाटेने आला. त्याच्या कपड्यांना धुराचा वास होता. गाव त्याच्या मागे, जरा अंतर राखून उभे होते. आर्ची पुढे झाला.

"डुग, चल की. आज माझ्याकडून बसू."

"आधी घरी जा आणि बशीतला मासा हलला का बघ," डुगल म्हणाला. कोणी हसले नाही. आर्चीने मान खाली घातली.

मिसेस ड्रायस्डेल म्हणाल्या, "मिस्टर गिलिस, तीस वर्षांपूर्वीचा निकाल आता बदलता येत नाही. तसा नियम आहे. चषकावरचं नाव राहणार. मला लाज वाटते, पण माझ्या हातात काही नाही."

"राहू द्या," डुगल म्हणाला. "चषक ठेव म्हणावं त्याला."

इशबेलने दाताळे पुढे केले. "बाबा, उद्या पुन्हा खेळ आहे. वाळू सारखी करावी लागेल. तुम्हीच करा."

डुगलने दाताळ्याकडे पाहिले आणि हात खिशात घातले. "मी एकदा फिरवलं. पुरे झालं. ज्याची खूण त्यानं पुसावी. बोलवा त्याला."

तो काठावर बसला, थर्मासमधून चहा ओतून घेतला आणि वाट बघू लागला. मीही वाट बघू लागलो. आम्हा दोघांनाही त्याची सवय होती. मिसेस ड्रायस्डेल स्वतः निरोप घेऊन गेल्या.

आणि थॉर्नबरी आला. का आला कोण जाणे. कदाचित क्लबच्या दारात जमलेल्या लोकांतून जायला दुसरी वाट नसावी. तो कोणाकडे न बघता इशबेलकडून दाताळे घेऊन खाली उतरला. सगळे गाव काठावर उभे राहून बघत होते. त्याने आयुष्यात दाताळे धरलेले दिसत नव्हते. तो पुढे पुढे ढकलत गेला. चर पुसला गेला, पण त्याच्यामागे त्याच्या पांढऱ्या बुटांच्या नव्या खुणा उमटत गेल्या. त्या पुसायला तो वळला की आणखी उमटल्या. त्याला घाम फुटला. माझ्या भुसभुशीत वाळूचा शेवटी असा उपयोग झाला. मला फार बरे वाटले, ते मी लपवणार नाही.

डुगलने चहा संपवला.

"मागं मागं सरकत या, साहेब," तो वरून म्हणाला. "नाहीतर आपल्याच खुणा राहतात."

थॉर्नबरी मागे मागे सरकत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. डुगलने मान हलवेपर्यंत त्याला वर येता आले नाही.

ती पितळी पाटी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. खांबात स्क्रूंची चार भोके उरली आहेत, ती मी कोणाला बुजवू देत नाही. डुगल आता रोज माझ्या काठावरून भट्टीवर जातो, आणि कोणाची खूण दिसली तर खाली न उतरता त्या माणसाला हाक मारतो.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. कधी माझ्यासारख्याच्या पोटात उतरावे लागले तर आपली वाळू आपणच सपाट करून वर या, दाताळे दुसऱ्याच्या हातात देऊ नका. आणि खाली असताना इथे आपल्याला कोणी बघत नाही असे वाटले, तर समोरच्या भिंतीकडे एकदा नीट बघा. मी तिथेच आहे.